येशूला कोणता रंग द्यायचा?

प्रश्न

ताई, सलाम.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर मिरजेचं. सध्या आम्ही अमेरिकेत, डेट्रॉईटच्या बाहेर एका उपनगरात राहतो. मिस्टर गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. इथे जवळपास मराठी उपासना नाही, म्हणून घराजवळच्या चर्चमध्ये जातो. मंडळी बहुतेक गोरी, पण मनाने चांगली आहेत. आम्हाला त्यांनी कधी परकं मानलं नाही.

धाकटा सात वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात संडे स्कूलमध्ये येशू लेकरांना आशीर्वाद देतो ते चित्र रंगवायला दिलं होतं. याने येशूचा चेहरा आणि हात तपकिरी रंगवले. शेजारचा मुलगा म्हणाला, "चुकलं. येशू असा नव्हता." बाईंनी काही न बोलता नवा कागद दिला आणि पीच रंगाचा खडू त्याच्या हातात ठेवला. घरी आला तेव्हा दोन्ही कागद दप्तरात होते.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर तपकिरी चित्र दाखवलं. वाटलं, नातवाचं कौतुक करतील. तर म्हणाल्या, "अगं बाई, प्रभूला असं काळं करतात होय? दुसरं काढ म्हणावं." त्यांच्या मागे भिंतीवर त्यांची ती नेहमीची तसबीर होती, गोरापान चेहरा, सोनेरी झाक असलेले लांब केस. मुलगा शेजारीच बसून ऐकत होता.

मिस्टर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नको. चर्चमध्ये विषय काढावा तर आपणच कुरापत काढतोय असं वाटेल. गप्प बसावं तर मन खातं. आणखी एक. शाळेत 'माझं कुटुंब' काढायला सांगितलं होतं. त्यात त्याने आम्हा दोघांना तपकिरी काढलं आणि स्वतःला पीच. काय करू?

— एक आई

उत्तर

सलाम. 'आणखी एक' म्हणून तुम्ही जे शेवटी लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करते. सात वर्षांच्या लेकराने आई-बापाला एका रंगात काढलं आणि स्वतःला दुसऱ्या. चांगला रंग कोणता, हे त्याने मनाशी ठरवून टाकलंय आणि तो आपल्याला मिळावा असं त्याला वाटतंय. हे त्याला संडे स्कूलच्या बाईंनी शिकवलं, तितकंच आजीनेही. त्यामुळे 'बाऊ करू नको' हा तुमच्या मिस्टरांचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही.

तुमच्या मुलाचं चित्र चुकलेलं नाही. घरात हे एकदा स्पष्ट शब्दांत बोललं गेलं पाहिजे, आणि त्याच्यासमोर.

बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, चारही शुभवर्तमानं उघडून बघा, येशू दिसायला कसा होता याचं एका ओळीचंही वर्णन त्यांत नाही. उंची नाही, केस नाहीत, रंग नाही. उलट गेथशेमाने बागेत त्याला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याला चुंबन घेऊन शिपायांना सांगावं लागलं की धरायचा तो हा. म्हणजे अंधारात, शिष्यांच्या घोळक्यात, तो चारचौघांसारखाच दिसत होता. प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला लिहितो की पुरुषाने लांब केस राखणं त्याला शोभत नाही. आपल्या तसबिरीतले खांद्यावर रुळणारे केस पौलाला चालले असते का, याचा विचार करा. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला तो दुःखभोगी सेवक, ज्याच्यात आपण येशूला पाहतो, त्याला तर रूप नाही, सौंदर्य नाही, असंच म्हटलंय.

मग आपल्या हाती पक्कं काय आहे? तो यहुदी होता. गालीलातल्या नासरेथ गावात सुताराच्या घरी वाढला. उन्हातान्हात पायी फिरला. २००१ मध्ये रिचर्ड नीव्ह या ब्रिटिश तज्ज्ञाने त्या प्रदेशातल्या पहिल्या शतकातल्या एका माणसाच्या कवटीवरून चेहरा घडवला. तो चेहरा येशूचा नव्हे, त्या काळच्या तिथल्या एका सामान्य पुरुषाचा आहे. रुंद चेहरा, सावळी कातडी, आखूड कुरळे केस. तुमच्या मुलाने तपकिरी खडू उचलला तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा तो खऱ्या माणसाच्या जास्त जवळ गेला.

चित्रांचं म्हणाल, तर सुरुवातीची चित्रंही आजच्यासारखी नाहीत. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं प्राचीन गाव आहे. तिथे एका घरातच चर्च होतं. त्याच्या भिंतीवर साधारण इ.स. २३५ च्या सुमाराचं चित्र मिळालं, येशू पक्षाघाती माणसाला बरं करतो ते. त्यात तो तरुण आहे, दाढी नाही, केस आखूड. आज ते चित्र तुमच्याच अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. लांब केस आणि दाढीचा येशू चौथ्या शतकापासून दिसू लागतो. तेव्हा ख्रिस्ती धर्म रोमन राजसत्तेच्या जवळ गेला होता, आणि सिंहासनावरच्या देवांच्या, बादशहांच्या मूर्तींची छाप त्या रूपावर पडली असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे ज्या देशात तो गेला, तिथल्या चित्रकारांनी त्याला आपल्यातला केला. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे आणि तिथल्या चित्रांतला येशू तिथल्याच माणसांसारखा मोठ्या काळ्याभोर डोळ्यांचा, सावळा. फिलिपीन्समध्ये, मनिलातल्या क्विआपो चर्चमधली काळी येशूमूर्ती दर ९ जानेवारीला बाहेर निघते, तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. युरोपच्या चित्रकारांनीही तेच केलं, आपल्यासारखा काढला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण त्यांचं चित्र जहाजांतून आलं, सत्तेबरोबर आलं, छापखान्यांतून आलं. फरक तिथे पडला. १९४० मध्ये शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने येशूच्या मुखाचं एक चित्र रंगवलं. त्याच्या पन्नास कोटींहून जास्त प्रती निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात खिशात मावतील एवढ्या प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या. तुमच्या सासूबाईंच्या भिंतीवर तेच असेल, नाहीतर त्याचीच नक्कल. पन्नास कोटी वेळा एकच चेहरा पाहिल्यावर ते कुणाच्या तरी कल्पनेतलं चित्र आहे, याचा विसर पडतो. तो फोटोच वाटू लागतो. तुमच्या पत्रातल्या त्या मुलाने 'येशू असा नव्हता' असं इतकं ठामपणे सांगितलं, ते यामुळेच.

बाईंनी दिलेल्या त्या खडूचाही इतिहास आहे. क्रेयोला कंपनी त्या रंगाला पूर्वी 'फ्लेश' म्हणायची, म्हणजे कातडीचा रंग. तो सगळ्यांच्या कातडीचा नाही, हे मान्य करून १९६२ मध्ये नाव 'पीच' केलं. २०२० मध्ये त्याच कंपनीने माणसांच्या वर्णाच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. त्या पेट्या विकत घ्या. एक घरी ठेवा, दोन-तीन संडे स्कूलला भेट द्या. पुष्कळदा लांबलचक बोलण्यापेक्षा अशा भेटीने काम होतं.

बाईंशी बोला मात्र जरूर. ई-मेल करू नका, लिहिलेलं वाचताना सूर कळत नाही. उपासना झाल्यावर दोन मिनिटं मागून घ्या, दोन्ही कागद समोर ठेवा आणि घडलं तेवढंच सांगा: पहिला कागद त्याने मनापासून रंगवला, दुसरा मिळाल्यावर आपलं चुकलं असं त्याला वाटलं, आणि आता तो स्वतःलाही दुसऱ्या रंगात काढतोय. हे शेवटचं वाक्य गाळू नका. चांगल्या मनाची बाई असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून आहेच असं वाटतं, तर ती तिथल्या तिथे हेलावेल. कुणावर आरोप करायची गरजच पडणार नाही. यात कुरापत काढण्यासारखं काही नाही, मंडळीत तुम्ही पाहुणे नाही आहात. बाईंनी हसण्यावारी नेलं तर पास्टरशी बोला. तिथेही कुणी ऐकून घेतलं नाही, तर मात्र मुलाला त्या वर्गात बसवू की नको, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

तुम्ही डेट्रॉईटजवळ राहता, हे वाचून मला फार बरं वाटलं. हा प्रश्न तुमच्या गावाने साठ वर्षांपूर्वी रस्त्यावर सोसलाय. लिनवूड रस्त्यावर सेक्रेड हार्ट सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा आहे. तिच्या आवारात कोपऱ्यावर येशूचा दगडी पुतळा आहे, हात पसरलेला. जुलै १९६७ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या तणावातून दंगल होऊन डेट्रॉईट पेटलं, त्या धामधुमीत कुणीतरी त्या पुतळ्याचा चेहरा, हात आणि पाय काळे रंगवले. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कुणीतरी येऊन ते परत पांढरे केले. तेव्हा सेमिनरीने स्वतःहून पुन्हा काळा रंग दिला, आणि तो आजवर राखलाय. त्याच रस्त्यावर काळ्या ख्रिस्ती लोकांचं एक चर्च आहे. तिथे त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी अठरा फूट उंचीचं, बाळ येशूला कडेवर घेतलेल्या काळ्या मरियेचं चित्र लावलं गेलं. एका शनिवारी मुलाला घेऊन जा. पुतळ्यापाशी उभं करा आणि घडलं तसं सांगा: आधी काळा, मग पांढरा, मग पुन्हा काळा. भाषण देऊ नका, मुलं अशा गोष्टीवर स्वतःच शंभर प्रश्न विचारतात. विचारू द्या.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले पास्टर मार्टिन ल्यूथर किंग १९५७-५८ मध्ये 'एबनी' या काळ्या अमेरिकनांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. एकाने विचारलं, जगात बहुसंख्य लोक गोरे नसताना देवाने येशूला गोरा का केला? किंग यांच्या उत्तराचा आशय असा, की येशूच्या कातडीच्या रंगाला महत्त्व नाही, त्याचं मोठेपण देवाच्या इच्छेला त्याने स्वतःला वाहून दिलं यात आहे. तो काळा असता म्हणून जास्त थोर ठरला नसता, गोरा होता म्हणून कमी थोर ठरत नाही. किंग यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण हे उत्तर मला अर्धंच वाटतं. येशू गोरा होता, हे त्यांनीही धरूनच चाललं. रंगाला महत्त्व नाही असं म्हणायचं, आणि भिंतीवर, पुस्तकात, नाटकात कायम एकच रंग ठेवायचा, म्हणजे महत्त्व दिलंच की. तुमच्या मुलाला 'रंग महत्त्वाचा नसतो' एवढंच सांगून थांबलात, तर तो मनात म्हणेल, मग माझा कागद का बदलला?

एक काळजी मात्र घ्या. उद्या उत्साहाच्या भरात 'येशू आपल्यासारखा भारतीय होता' असं त्याला सांगू नका. चित्रात तो आपल्यासारखा काढावा, अवश्य काढावा, पण तो यहुदी होता ही गोष्ट हातची जाऊ देऊ नका. ती हातची घालवली की काय होतं, ते जर्मनीत दिसलं. १९३९ मध्ये आयझेनाख गावी तिथल्या काही चर्चच्या लोकांनी एक संस्थाच काढली, ख्रिस्ती धर्मातून यहुदी छाप पुसून टाकण्यासाठी. येशू आर्य होता, असं तिथले विद्वान लिहीत होते, आणि बाहेर लाखो यहुदी मारले जात होते. सात वर्षांच्या मुलाला हे सगळं आज सांगायचं नाही. 'येशू यहुदी होता, आपल्या भारताच्या पश्चिमेला जो उन्हाचा मुलूख आहे तिथला, आणि तिथली माणसं पुष्कळशी आपल्यासारखी दिसतात' एवढं त्याला पुरे.

आता मिरजेच्या घराकडे वळते. हे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे, आणि अवघडही.

मी साताऱ्यात बसून हे लिहिते आहे. १९१७ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक मिशनचा पगार सोडून याच गावी आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांनी येशूला अभंगांत आणलं, कीर्तनात आणलं, त्याला गुरू आणि माउली म्हणून हाक मारली. आजही आपल्या उपासनेत ती गाणी टाळ-पेटीवर म्हटली जातात. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला येशू शंभर वर्षांपूर्वीच मराठी झाला. डोळ्यांना मात्र तो परदेशीच राहिला. असं नाही की कुणी प्रयत्न केला नाही. अँजेलो द फोन्सेका हे १९०२ साली गोव्यात जन्मलेले चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकले. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर त्यांनी साडीतली मरिया आणि सावळा येशू रंगवला. गोव्यातल्या आपल्याच लोकांनी त्यावर नाकं मुरडली. पुणे साताऱ्याहून काही तासांवर, तरी ती चित्रं आपल्या किती घरांत आहेत? मी तरी एकाही भिंतीवर पाहिली नाहीत.

कारण दोष त्या तसबिरीपुरता नाही. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. काळ्या पाषाणातल्या विठोबासाठी लाखो माणसं चालतात. त्याच माणसांच्या घरी लग्नाच्या बायोडाटात 'रंग – गोरा' असं लिहिलं जातं, आणि तो नसला तर 'गव्हाळ' लिहून वेळ मारून नेली जाते. ख्रिस्ती घरं यातून सुटलेली नाहीत. नाताळच्या नाटिकेत मरिया कोण होणार, हे आपल्याकडे पोरीचा आवाज ऐकून ठरत नाही. उजळ पोर मरिया होते, तिच्याहून थोडी कमी उजळ ती गब्रिएल दूत, आणि सावळ्या पोरांच्या डोक्यावर घोंगडी टाकून त्यांना मेंढपाळ करतात. 'उन्हात खेळू नको, काळा पडशील', 'बाळ कुणावर गेलंय गं, रंगाने?', साय लाव, डाळीचं पीठ लाव. यातलं एकही वाक्य द्वेषाने बोललेलं नसतं, म्हणून तर ते खोल जातं. आणि रंगामागे आपल्याकडे जात उभी असते. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या आजा-पणज्यांनी, जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या गावाकडे पाठ फिरवून बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पणतवंडांना आपण पुन्हा कातडीवरून तोलावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

म्हणून आधी तुमच्याच घरातलं बोलणं ऐका. आठवडाभर नुसतं लक्ष द्या: फोनवर, पार्टीत, फोटो बघताना, कुणाच्या लग्नाची गोष्ट निघाली तर. 'छान, उजळ आलाय फोटो' असं कोण कितीदा म्हणतं? तुमच्या मुलाने पीच खडू तिथूनही उचललाय.

मुलाशी बोलताना 'माझं कुटुंब' हे चित्र चुकीचं म्हणून परत काढायला लावू नका. ते केलंत तर संडे स्कूलमध्ये झालं तेच घरी होईल. त्याच्याजवळ बसा आणि नवी पेटी उघडा. तुमचा हात, त्याचा हात, बाबांचा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा, आणि प्रत्येकाच्या हाताला जुळणारा खडू त्यालाच शोधू द्या. तळहात वेगळा, कोपर वेगळं, बाबांच्या घड्याळाखालची कातडी वेगळी. यात एक संध्याकाळ मजेत जाईल. त्याने आपणहून स्वतःसाठी योग्य छटा उचलली की कौतुक करा, पण फार टाळ्या वाजवू नका. तो तपकिरी येशू फ्रेम करून घरात लावा, मुलाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर.

सासूबाईंना तसबीर काढायला सांगू नका. मिरजेत ख्रिस्ती घर म्हटलं की अजूनही लोकांना मिशन हॉस्पिटल आठवतं. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये ते सुरू केलं, आणि त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही आहे. त्या पिढीला तो गोरा चेहरा औषध, शाळा, नोकरी आणि माणूस म्हणून मिळालेली वागणूक यांच्यासोबत भेटला. त्या तसबिरीखाली तुमच्या सासूबाईंनी किती रात्री प्रार्थना केल्या असतील, ते तुम्हाला किंवा मला मोजता येणार नाही. तिच्यावर वाद घालणं म्हणजे त्यांच्या प्रार्थनेवर वाद घालणं. तसबीर राहू द्या. वाक्य मात्र परत येता कामा नये.

ते वाक्य थांबवण्याचं काम तुमचं नव्हे. सुनेने काढलेला विषय सासूला वेगळा ऐकू येतो, मग बोलणं येशूवरून तुमच्या अमेरिकेतल्या वागण्यावर जाईल. फोन तुमच्या मिस्टरांनी करायचा, स्वतःच्या आईला, मुलगा घरात नसताना. त्यांनी इतिहास सांगायचा नाही, सीरियाही नको आणि डेट्रॉईटही नको. 'आई, पोरगा ऐकत होता. त्या दिवसापासून तो स्वतःला गोरा काढतोय.' एवढंच. एवढं कळल्यावर कुठली आजी गप्प बसेल? पुढच्या कॉलला त्यांनीच नातवाला ते चित्र परत दाखवायला सांगावं, आणि येशूच्या मांडीवर बसलेलं पोर कोण, मागे उभं राहिलेलं कोण, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावं. रविवारी मिरजेत सकाळची उपासना उरकून त्या घरी येतात, तेव्हा तुमच्याकडे शनिवारची रात्र असते आणि मुलगा झोपलेला असतो. हा फोन याच आठवड्यात होऊ द्या. बाईंशी बोलणं त्यानंतरच्या रविवारी.